बंदच्या दिवशी समुद्रावर



सहलीचा विषय निघाला की आमच्या वर्गात एकच गलका होतो, ‘बाई, समुद्र!’ आमचं भवानीनगर पडलं इंदापूर तालुक्यात. इकडे पाणी म्हणजे नीरा डावा कालवा, नाहीतर उजनी धरणाचा फुगवटा. खारं पाणी बघायचं तर घाट उतरून कोकणात किंवा गोव्यातच जायला हवं. मध्यंतरी असाच सहलीचा विषय चालला होता आणि नेमकी त्याच दिवशी कुठल्याशा बंदची बातमी होती. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘बाई, बंद असला की समुद्रपण बंद असतो का?’

सगळा वर्ग हसला. पण प्रश्न चांगला होता, म्हणून आजचं पान त्यालाच देऊन टाकते.

समुद्र काही बंद नसतो. बंद असतो तो रस्ता. एखाद्या ठिकाणी आंदोलन सुरू झाल्याचं कळलं की आपण लगेच विचारतो, ‘ते गाव सुरक्षित आहे ना?’ त्याच्याही आधी विचारायला हवं, ‘तिथपर्यंतचा रस्ता कसा आहे?’ आंदोलन करणाऱ्यांना आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायचं असतं. वाळूत बसून ते कोण ऐकणार? म्हणून ते चौकात, पुलावर, टोलनाक्यावर नाहीतर बसस्थानकासमोर बसतात. आणि सहलीची बस नेमकी तिथूनच जाते.

रस्ता अडणं आपल्याला तसं नवं नाही. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर करत सणसरला मुक्कामाला येते, तेव्हा आमच्याकडची वाहतूक दुसरीकडून वळवतात. त्यावर कोणी चिडत नाही. ज्याला बारामतीला दवाखान्यात जायचंय तो आदल्या दिवशी जाऊन येतो, किंवा आडरस्त्याने जातो. पालखी कधी येणार आणि कधी पुढे सरकणार हे आपल्याला महिनाभर आधी ठाऊक असतं, म्हणून हे जमतं. आंदोलनाचं वेळापत्रक मात्र कोणी छापत नाही. सकाळी शांत असलेला चौक दुपारी पेटतो आणि संध्याकाळी तिथे पुन्हा भज्यांची गाडी लागलेली असते.

आता एक जुनी गोष्ट सांगते. माझ्या जन्माच्याही आधीची आहे, पण समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी अशी.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या तावडीतून मुक्त झाला. पण तो लगेच राज्य झाला नाही. गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश होता. गोव्याची राजभाषा कोणती, कोकणी की मराठी, की दोन्ही, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालला. कोकणीवाल्यांचं म्हणणं होतं, ‘आम्ही घरात कोकणी बोलतो, मग कारभाराची भाषा तीच हवी.’ मराठीवाल्यांचं म्हणणं होतं, ‘आमचं भजन, कीर्तन, शाळा, वर्तमानपत्र सगळं मराठीत आहे, मग मराठीला समान जागा हवी.’ आपण मराठी माणसं, त्यामुळे आपल्याला दुसरी बाजू पटकन पटते. पण मुलांनो, आईची भाषा जशी तुम्हाला प्यारी, तशी ती पलीकडच्या मुलालाही असते. एवढं समजून मगच पुढचं वाचा.

डिसेंबर १९८६ मध्ये हा वाद रस्त्यावर आला. झाडं तोडून रस्त्यांवर आडवी टाकली गेली, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. सात जणांचे प्राण गेले. महिना कोणता, लक्षात आलं का? डिसेंबर. नाताळचा, म्हणजे पाहुण्यांनी गोवा गजबजण्याचा महिना. ज्या किनाऱ्यांवर लोक चार दिवस मजा करायला आले होते, ते किनारे जागच्या जागी होते. तिथून निघायचा रस्ता मात्र अडला होता.

नकाशा काढून बघा म्हणजे कळेल. गोवा म्हणजे नद्यांचा प्रदेश. पणजीहून उत्तरेला म्हापशाकडे जायचं तर मांडवी ओलांडावी लागते, दक्षिणेला मडगावला जायचं तर झुआरी. जिथे नदी असते तिथे रस्ते गोळा होऊन एका पुलावर येतात, आणि पूल अडला की सगळं अडलं. त्या वर्षी तर आणखी एक गोष्ट घडली होती. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूलच कोसळला होता, आणि डिसेंबरात माणसं आणि गाड्या फेरीबोटीतून नदी पार करत होत्या. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, ती पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली. म्हणजे आंदोलनाच्या त्या दिवसांत परत निघालेल्या पाहुण्याच्या हातात फारसं काही उरत नव्हतं. शहाणपणाचं काम एकच होतं, जिथे आहोत तिथे थांबणं.

पुढे ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोव्याच्या विधानसभेने राजभाषेचा कायदा केला. देवनागरीतली कोकणी ही राजभाषा ठरली आणि सरकारी कामात मराठीचाही वापर करता येईल अशी तरतूद झाली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. आज तुम्ही गोव्यात गेलात तर दुकानाच्या पाट्या, देवळातली आरती, हॉटेलातल्या मावशींचं बोलणं यांत दोन्ही भाषा सुखाने नांदताना दिसतील.

मोठी माणसं म्हणतील, एवढं जुनं कशाला उगाळायचं? तर अलीकडचं घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयीच्या एका वक्तव्यावरून मडगावात लोकांनी रस्ता अडवला होता. आणि आपल्याकडून गोव्याला जाताना वाटेत बेळगाव लागतं, तिथली गोष्ट तर तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. १९५६ साली भाषेनुसार राज्यं झाली, तेव्हापासून बेळगाव कुणाचं हा प्रश्न महाराष्ट्र आणि कर्नाटकात आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांत साधी माणसंच असतात, बरं का. कोणी लग्नाला निघालेलं, कोणी दवाखान्यात. बेळगाव त्यांच्या ताब्यात थोडंच असतं!

मग एसटीच्या कर्नाटकात जाणाऱ्या फेऱ्या थांबवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच प्रकार पुन्हा झाला. बेळगावात कर्नाटकच्या एका कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली, मग चित्रदुर्गला आपल्या एसटीच्या चालकाला काळं फासलं, आणि पुन्हा काही दिवस गाड्या सीमेवरच थांबल्या.

आता इथे एक गंमत आहे, आणि ती मोठ्यांनीही लक्षात घ्यावी. हिरेबागेवाडी हे बेळगावच्या पुढे, धारवाडच्या रस्त्याला आहे. चोर्ला घाटाने गोव्याला जाणारी गाडी त्याआधीच बेळगावहून वळते. म्हणजे ‘बेळगावला दगडफेक’ एवढीच बातमी ऐकली तर आपण सगळाच प्रवास रद्द करू, आणि ‘आपल्याला काय त्याचं, आपण गोव्याला चाललोय’ असं म्हटलं तर शहरातच अडकू. दोन्ही चुकीचंच. गाव कोणतं, रस्ता कोणता, आपण त्या जागेच्या अलीकडे वळतो की पलीकडे, हे नकाशावर बोट ठेवून बघायचं. आणि कर्नाटकात वातावरण तापलेलं असेल तर कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा रस्ता आहेच. तो सगळा महाराष्ट्रातून जातो. वळणं फार आहेत आणि निम्म्या मुलांना उलट्या होतात, ते सोडा. आल्याच्या वड्या बरोबर ठेवायच्या.

आंदोलन फक्त लांबच होतं असंही समजू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऐन दिवाळीत आपल्या इंदापुरातच ऊसदराचं आंदोलन पेटलं होतं. मी तेव्हा डी.एड.ला होते आणि सुटीला घरी निघाले होते. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी फलाटाला लागलेली, पण सुटेना. कंडक्टरमामांनी सगळ्यांना शांतपणे सांगितलं, ‘पुढचा निरोप आल्याशिवाय गाडी हलवणार नाही. ज्याला घाई असंल त्यानं पैसे परत घ्या.’ दोघांनी घाई केली, खासगी जीप पकडली. बाकीचे आम्ही बसून राहिलो. एका आजींनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि अनोळखी पोरीबाळींना वाटले. अंधार पडल्यावर कुणाचा मामा, कुणाचे वडील मोटारसायकलवर आडरस्त्याने येऊन आपापल्या माणसांना घेऊन गेले. ते जीपवाले दोघं मात्र निम्म्या वाटेवरून चालत परत आले. भुकेले, आणि पैसे गेले ते वेगळेच.

हे मी ऊसवाल्यांना नावं ठेवायला सांगत नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे. उसाला भाव मिळाला तर वह्या येतात, दप्तर येतं. माझ्याही माहेरी ऊसच होता. रस्त्यावर बसलेल्या माणसाला काहीतरी खुपत असतं, एवढं तर ऊस पिकवणाऱ्या गावाला नक्कीच कळतं. म्हणूनच परगावी आपली बस कोणी अडवली तर खिडकीतून तोंड वेंगाडायचं नाही, घोषणेला घोषणेने उत्तर द्यायचं नाही. त्या माणसाचं भांडण तुमच्याशी नसतं. ते तुम्ही स्वतःहून ओढवून घेऊ नका.

मोबाइल बाहेर काढून चित्रण करायचं नाही, हे तर मोठ्यांनाच जास्त सांगावं लागतं. चिडलेल्या जमावाला कॅमेरा दिसला की तो आणखी चिडतो. बोलायचं काम एकट्या ड्रायव्हरकाकांचं, फार तर एका शिक्षकाचं. दगड येतायत असं वाटलं तर काच लावून, खिडकीपासून सरकून, मान खाली घालून दप्तर डोक्यावर धरायचं. घाबरून बसमधून उड्या मारायच्या नाहीत. एकटं मूल गर्दीत सापडण्यापेक्षा चाळीस मुलं बसमध्ये असणं केव्हाही बरं. मात्र बसलाच धोका आहे असं ड्रायव्हरकाका म्हणाले तर रांगेने, हात धरून, ते सांगतील त्या बाजूला उतरायचं.

खरं तर वेळ तिथवर येऊच नये. पुढे गर्दी आहे असं कळलं की गाडी तिच्या तोंडाशी नेऊन उभी करण्यात काही शहाणपण नाही. मागे लागलेल्या शेकडो गाड्यांत अडकलात की ना पुढे जाता येतं ना मागे. त्याआधीचं गाव गाठायचं. तिथे चहाची टपरी असते, पाणी असतं, मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय बघता येते. आणि एक जागा प्रत्येक गावात असते, तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. ती म्हणजे शाळा! परगावचे गुरुजी झाले म्हणून काय झालं, सहलीची मुलं अडकली आहेत म्हटल्यावर कोण वर्ग उघडून देणार नाही? आमची शाळा तर नक्की देईल.

बातमीतले काही शब्द नीट समजून घ्या. ‘रास्ता रोको’ बहुतेक वेळा काही तासांचा असतो, तो संपेपर्यंत थांबता येतं. ‘बंद’ला दुकानं, गाड्या, सगळंच बंद, म्हणजे जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवायला हवी. ‘जमावबंदी’ म्हणजे पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायला मनाई. सहलीत तर चाळीसजण असतात, म्हणून अशा गावात उतरण्याआधी शिक्षकांनी पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं. आणि ‘संचारबंदी’ म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही. ती असेल त्या गावाची सहल रद्द. त्यात चर्चा नको.

आणखी एक नवीन अडचण आमच्या लहानपणी नव्हती. आंदोलन वाढलं की सरकार कधी कधी इंटरनेट बंद करतं. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, जालना भागात तसं झालं होतं. एसटीच्या गाड्या जाळल्या गेल्या, म्हणून कित्येक आगारांनी फेऱ्या थांबवल्या होत्या, तेही दिवाळीच्या तोंडावर. इंटरनेट बंद झालं की फोनवरचा नकाशा जातो आणि फोनवरून पैसे देणंही जातं. तेव्हा आईबाबांनो, खिशात थोडी रोख रक्कम, कागदाचा नकाशा आणि मुलाच्या खिशात एक चिठ्ठी. तिच्यावर दोन फोन नंबर, घरचा एक आणि शिक्षकांचा एक, पेन्सिलीने नव्हे, बॉलपेनने. संकटात ११२ हा क्रमांक महाराष्ट्रात, गोव्यात, कर्नाटकात, सगळीकडे चालतो. रेल्वेची चौकशी १३९ वर होते.

फोन चालू असेल तर उलटा त्रास. कुठल्यातरी जुन्या जाळपोळीचं चित्र ‘आत्ताचंच आहे’ म्हणून फिरत येतं, आणि घरी आजी रडायला लागते. रस्ता खरंच सुरू आहे का, हे ज्याला ठाऊक असतं त्यालाच विचारायचं. एसटीच्या आगारातले वाहतूक नियंत्रक आणि नुकताच त्या रस्त्याने आलेला ट्रकवाला, हे दोघं मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. पोलिसांना तर विचारायचंच.

किनाऱ्यावर पोचल्यावर काही घडलं तर? त्याचंही उदाहरण आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं होतं. तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. सगळ्या महाराष्ट्राला वाईट वाटलं. दोनच दिवसांनी, २८ ऑगस्टला, त्याच किल्ल्यावर दोन राजकीय पक्षांचे कार्यकर्ते समोरासमोर आले आणि बराच वेळ ढकलाढकली, घोषणाबाजी चालली. पोलीस मध्ये उभे होते. राजकोट हा मालवणच्या किनाऱ्यावरच आहे. अशा वेळी ‘चला, काय चाललंय बघून येऊ’ म्हणणारा एकतरी उत्साही काका प्रत्येक सहलीत निघतो. त्याला मुलांनीच अडवायचं! किल्ला उद्याही तिथेच असणार आहे. त्या दिवशी मुक्कामाच्या घरी बसून मालवणी घावन खायचे, गाण्याच्या भेंड्या खेळायच्या.

आणि अडकलेल्या सहलीत सगळ्यात मोठा धोका मला विचाराल तर दगडाचा नाही. पाण्याचा आहे. बस निघत नाही, मुलं कंटाळलीत, संध्याकाळ झालीय, मग कोणीतरी म्हणतं, ‘जरा समुद्रावर नेऊन आणू.’ ठरलेल्या वेळी गेलो असतो तर मोजणी केली असती, दोर बांधला असता, स्थानिक माणूस बरोबर घेतला असता. कंटाळ्याने गेलं की यातलं काहीच होत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी बंद नव्हता, आंदोलन नव्हतं, लख्ख ऊन होतं. तेव्हा मुक्काम एका दिवसाने वाढला तर वाढलेल्या दिवशीही नियम पहिल्या दिवसाचेच. अंधार पडायला लागला की कोणीही पाण्यात नाही, घोट्याएवढ्यासुद्धा नाही.

पालकांना एक विचारते. सहल पुढे ढकलली की ‘पोरांचा हिरमोड झाला’ म्हणून तुम्ही शिक्षकांवर नाराज होता. ठरलेल्या दिवशी नेली आणि रस्त्यात अडकली तरी नाराज होता. ज्या शिक्षकाला निर्णय घ्यायचाय त्याच्यासाठी निघण्याच्या सकाळी सहा वाजता आगाराला एक फोन करणं आणि ‘आज नको’ म्हणणं फार अवघड असतं, कारण फाटकाबाहेर चाळीस डबे आणि चाळीस आनंदी चेहरे उभे असतात. त्या वेळी एकाजरी आईने पुढे होऊन ‘बरोबर आहे बाई, पुढच्या आठवड्यात जाऊ’ असं म्हटलं ना, तर निम्मं ओझं उतरतं. डबे वाया जात नाहीत हो. शाळेच्या पटांगणात अंगतपंगत झकास होते.

आता तुमच्यासाठी काम. मोठा कागद घ्या. तुमच्या गावापासून मालवणपर्यंतचे दोन वेगवेगळे रस्ते काढा. आमच्या वर्गाने एक काढला तो असा: बारामती, फलटण, सातारा, कराड, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. दुसरा तुम्ही शोधा. दोन्ही रस्त्यांवर एसटीची आगारं कुठे आहेत तिथे लाल टिंब द्या, मोठे पूल निळ्या रंगाने दाखवा. मग घरातल्या कुणाला तरी मध्येच कुठेही बोट ठेवायला सांगा, ‘इथे रस्ता बंद!’ म्हणून, आणि तुमची बस त्याआधीच्या कोणत्या गावात थांबेल ते सांगा. नकाशा पाकिटात घालून आमच्या पत्त्यावर पाठवा. घडी नीट घाला, मागच्या वेळी तिघांचे नकाशे नेमके घाटातच फाटले होते.